माळावरचं पाणी : निचऱ्याचा तज्ज्ञ नेमायचा तर खर्च किती, मागायचं काय?

कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीच्या माळावर १९३९ साली छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात विमान उतरू लागलं, तेव्हा भोवती गवत होतं, मुरूम होता आणि पडलेलं पाणी मुरायला जागा होती. आज तिथं लांबवलेली धावपट्टी आहे, विमानं उभी करण्याचं काँक्रीटचं आवार आहे आणि १० मार्च २०२४ रोजी उद्‌घाटन झालेली नवी टर्मिनल इमारत आहे. एका बाजूला गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत, दुसरीकडे तामगाव, नेर्ली, मुडशिंगीची शिवारं. पाऊस तोच आहे. त्याच्या खालची जमीन बदलली आहे.

एक हेक्टर डांबरावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५ लाख लिटर पाणी होतं. दहा हजार लिटरचे ५० टँकर, एका तासात, एका हेक्टरवर. गवताळ मुरमाड माळावर यातलं बरंचसं मुरलं असतं. डांबरावरचं जवळजवळ सगळं वाहतं आणि खालच्या माणसाच्या बांधावर जातं. कारखान्याचं छत, शाळेचं मैदान, सोसायटीचं पेव्हर ब्लॉकचं अंगण, सगळीकडे हाच हिशेब लागतो. म्हणून विमानतळाच्या निमित्तानं हा विषय मांडत असलो, तरी वाचणारा उद्योजक, सोसायटीचा चेअरमन आणि खालच्या गावचा ग्रामपंचायत सदस्य या तिघांनाही तो लागू आहे.

या कामाला बाहेरचा तज्ज्ञ लागतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. नेहमीचा आर्किटेक्ट किंवा ठेकेदार गटर काढून देईल, पण किती पावसाला ते पुरेल हे त्याला सांगता येईलच असं नाही. प्रश्न एवढाच की त्या तज्ज्ञाला पैसे कशाचे द्यायचे. माझं मत आधीच सांगतो: मोजणीचे पैसे द्या, जाड अहवालाचे देऊ नका.

मोजणी हीच खरी खरेदी

ओळखीच्या एका कारखानदारानं मला त्याच्याकडचा निचऱ्याचा अहवाल दाखवला होता. दीडशे पानं, रंगीत नकाशे, उत्तम छपाई. त्यातल्या उंचीच्या रेषा उपग्रहाच्या फुकट मिळणाऱ्या माहितीवरून काढलेल्या होत्या. कुणीही लेव्हल घेऊन आवारात उतरलं नव्हतं. त्या अहवालाप्रमाणे गटर झालं आणि पहिल्याच जुलैत पाणी उलटं गेटकडे आलं.

असं का होतं, ते समजून घ्या. गटराला ५०० ला १ असा उतार दिला, तर मीटरमागे २ मिलिमीटर मिळतात. ३०० मीटर लांबीत एकूण उतार ६० सेंटिमीटर. उपग्रहाच्या फुकट माहितीत काही मीटरांची चूक सहज असते. ज्या मापात काही मीटर इकडेतिकडे होतात, त्या मापानं ६० सेंटिमीटरचा उतार ठरवता येत नाही. टोटल स्टेशन किंवा ऑटो लेव्हल घेऊन माणूस जमिनीवर फिरल्याशिवाय हे काम होत नाही. कोटेशनमध्ये पहिली ओळ हीच शोधा: प्रत्यक्ष सर्व्हे किती क्षेत्राचा, किती मीटरांच्या चौकटीत, आणि पक्का बेंचमार्क जागेवर रोवून देणार का?

धावपट्टीवर तर मिलिमीटरलाही किंमत आहे. नोव्हेंबर २०२१ पासून जगभर लागू झालेल्या पद्धतीनुसार धावपट्टीवर ३ मिलिमीटरपर्यंत पाणी असेल तर ती ‘ओली’, त्याच्या वर गेलं की ‘साचलेलं पाणी’. स्थितीचा आकडा एकदम ५ वरून २ वर येतो आणि वैमानिकाला ब्रेकचा सगळा हिशेब नव्यानं करावा लागतो. म्हणून मोठ्या विमानांच्या धावपट्टीला मध्यापासून कडेपर्यंत शेकडा १ ते दीड असा आडवा उतार देतात. डांबराचा नवा थर टाकताना हा उतार बिघडला, तर कडेचं गटर कितीही मोठं असलं तरी उपयोग नाही. पाणी तिथपर्यंत पोचतच नाही.

दुसरी मोजणी पावसाची. चोवीस तासांत १०० मिलिमीटर पाऊस झाला, एवढ्यावरून गटराचं माप निघत नाही. तो दिवसभर रिपरिपला, की संध्याकाळी दीड तासात कोसळला? वळवाची सर आणि श्रावणातली झड यांत पाणी सारखं भरलं, तरी गटरावरचा भार सारखा नसतो. त्यातून कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि शहराच्या बाजूला हजाराच्या आसपास. ‘जिल्ह्याचा सरासरी पाऊस’ घेऊन गणित केलेलं दिसलं, तर कागद परत करा. जवळच्या केंद्राची, कमी वेळातल्या तीव्रतेची आकडेवारी वापरली का आणि किती वर्षांतून एकदा येणारा पाऊस धरला, हे दोन प्रश्न लेखी विचारा. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या ‘सीपीएचईईओ’ या यंत्रणेनं २०१९ मध्ये पावसाळी निचऱ्याची नियमपुस्तिका काढली आहे. उत्तर तिच्याशी ताडून पाहता येतं.

तिसरी मोजणी मातीची. खड्डे खणून पाणी किती वेगानं मुरतं, ते पाहायचं. आपल्याकडे एकाच आवारात वर मुरूम, खाली कातळ आणि उताराच्या टोकाला काळी माती सापडते. मुरमात चालणारा शोषखड्डा काळ्या मातीत डबकं होतो.

साठवायचं की घालवायचं

विमानतळाचा तज्ज्ञ वेगळा का लागतो, ते शेजारच्या उदाहरणावरून पाहा. माळाच्या अलीकडे शिवाजी विद्यापीठ आहे. त्यांनी आवारातले तलाव, विहिरी, शेततळी जपून पावसाचं पाणी अडवलं आणि पाण्याची आपली गरज मोठ्या प्रमाणात आवारातच भागवली. कौतुक करावं असंच काम आहे. पण तोच नमुना उचलून धावपट्टीशेजारी तळं केलं, तर बगळे, टिटव्या, घारी येतील आणि विमानाच्या इंजिनात पक्षी जाण्याचा धोका वाढेल. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाची मार्गदर्शिका सांगते की विमानतळाजवळ तात्पुरतं अडवलेलं पाणी पाऊस थांबल्यावर ४८ तासांत निघून गेलं पाहिजे. आपल्याकडेही विमानतळाच्या १० किलोमीटर परिसरात उघड्यावर कचरा टाकायला किंवा जनावरं कापायला कायद्यानं बंदी आहे, तीही पक्ष्यांमुळेच. कचऱ्यानं तुंबलेला ओढा ही पक्ष्यांची पंगतच असते.

म्हणून ‘जलसंधारणाचा दांडगा अनुभव’ असलेला माणूस विमानतळासाठी पुरेसा नाही. पाणी जमिनीखाली साठवणं, मुरवणं, वेग कमी करून सोडणं, हे सगळं विमानांच्या नियमांत बसवणारा हवा. उलट कारखान्याला किंवा सोसायटीला विमानतळाचा तज्ज्ञ नको. तिथं साठवणारा माणूसच कामाचा. हजार चौरस फुटांच्या छतावर हजार मिलिमीटर पाऊस पडला, तर गळती-बाष्प वजा जाता ७०-७५ हजार लिटर पाणी हाती लागतं. ते घालवायचं कशाला?

परदेशी नमुन्यावरून उतरवलेले अहवालही ओळखायला शिका. युरोप-अमेरिकेतल्या विमानतळांच्या पाण्याच्या अहवालात विमानावरचा बर्फ काढायच्या रसायनांवर मोठं प्रकरण असतं, कारण तिथं तो मोठा खर्च आहे. कोल्हापूरच्या माळावर बर्फ पडत नाही. इथं पाहायचं ते इंधन आणि तेलाचं: विमानं उभी राहतात तिथलं पाणी ओढ्याला जाण्याआधी तेल वेगळं करणाऱ्या टाकीतून जातं का, आणि ती टाकी साफ करायचं काम कुणाकडे आहे?

पाणीपुरवठ्याचा तज्ज्ञ हा आणखी वेगळा माणूस. पिण्याचं पाणी, सांडपाण्याचं शुद्धीकरण आणि अग्निशमनाचा साठा हे त्याचं काम. ए-३२०च्या लांबीचं विमान येणार असेल, तर आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बंबांमध्ये साधारण ७,९०० लिटर पाणी कायम तयार लागतं. ‘आम्ही सगळंच करतो’ म्हणणाऱ्या फर्मकडे या दोन्ही कामांची माणसं खरोखर आहेत का, त्यांची नावं आणि दिवस मागा.

कोटेशन कसं वाचायचं

बाजारात दोन पद्धती आहेत. एक, कामाच्या एकूण खर्चावर टक्केवारी. दुसरी, माणसं आणि दिवस मोजून ठोक रक्कम. एखादा टक्का, दोन टक्के, तीन टक्के असे आकडे सर्रास ऐकू येतात आणि स्वस्त वाटतात. मला टक्केवारी पटत नाही. गटर जितकं मोठं तितकी फी मोठी, मग गटर लहान कसं करता येईल याचा विचार सल्लागारानं का करावा? शिवाय त्या टक्क्यात सर्व्हे आणि माती परीक्षण बहुधा नसतं; ते ‘ग्राहकानं पुरवायचं’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

दिवसांचा हिशेब असा मांडा. पाच एकरांचा कारखाना धरू. पुढचे दर मी केवळ गणित समजावं म्हणून घेतले आहेत; तुमच्या कोटेशनमधले दर त्यांच्या जागी घाला. अनुभवी अभियंता ८ दिवस, रोज १२,००० प्रमाणे ९६,००० रुपये. कनिष्ठ अभियंता २० दिवस, ४,००० प्रमाणे ८०,०००. सर्व्हेची टीम ४ दिवस, १५,००० प्रमाणे ६०,०००. मातीचे खड्डे आणि चाचण्या ३०,०००. प्रवास, छपाई १४,०००. बेरीज २,८०,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी ५०,४००. एकूण बिल ३,३०,४००.

इथं एक गोष्ट अनेक सोसायट्या विसरतात. व्यावसायिक फीवर १० टक्के टीडीएस कापावा लागतो, आणि बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर तो मूळ रकमेवरच. म्हणजे २८,००० सरकारजमा, ३,०२,४०० सल्लागाराला. हा जादा खर्च नाही, पण कापला नाही तर तो तुमच्या अंगावर येतो. सल्लागार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यालाही घर आहे; हे पाळाच.

हप्ते बांधताना शेवटचा हप्ता पावसाळ्यावर ठेवा. सुरुवातीला १५ टक्के, सर्व्हेची फाइल हातात आल्यावर २५, आराखडे आणि एस्टिमेट आल्यावर ३०, काम पुरं झाल्यावर १५ आणि पहिला पावसाळा संपल्यावर, सल्लागारानं जोरदार पावसात निदान एकदा जागेवर येऊन पाहिल्यावर, उरलेले १५. या शेवटच्या १५ टक्क्यांना नकार देणारा माणूस मला आजवर विश्वासाचा वाटला नाही.

पाइप किंवा फिल्टर विकणारी कंपनी ‘डिझाइन फुकट’ देते, तेव्हा त्या डिझाइनची किंमत पाइपच्या संख्येत बसवलेली असते. डिझाइन करणारा आणि माल विकणारा एक नको. एस्टिमेटमधले दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीशी ताडा. सर्व्हेच्या मूळ फाइली, केवळ पीडीएफ नव्हे, तुमच्या मालकीच्या राहतील असं करारात लिहून घ्या. पाच वर्षांनी शेड वाढवाल तेव्हा पुन्हा मोजणीचे पैसे वाचतील.

विमानतळासारख्या सरकारी कामात निवड निविदेनं होते, आणि तिथं सगळ्यात कमी दर की गुणवत्ता-दर यांचा मेळ, हा निर्णय आधी होतो. फरक पाहा. अ फर्मला तांत्रिक गुण ९०, दर १० लाख. ब फर्मला ७५ गुण, दर ७ लाख. केवळ दर पाहिला तर ब. पण गुणवत्तेला ७० आणि दराला ३० असं वजन दिलं, तर अ फर्मचे ६३ अधिक २१, म्हणजे ८४. ब फर्मचे साडेबावन्न अधिक ३०, म्हणजे साडेब्याऐंशी. अ जिंकते. तीन लाख वाचवायचे की नीट मोजणी घ्यायची, याचं उत्तर निविदा निघण्याआधीच ठरून गेलेलं असतं. लोकप्रतिनिधींनी आणि समित्यांवरच्या सदस्यांनी आवाज उठवायचा तो त्या वेळी.

कुंपणाबाहेर काय?

कामाची व्याप्ती लिहिताना सगळ्यात मोठी चूक होते ती कुंपणापाशी थांबण्याची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईचा विमानतळ बंद पडला; मिठी नदी त्या विमानतळाच्या हद्दीतूनच वाहते. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत अड्यार नदीचं पाणी शिरलं आणि विमानतळ काही दिवस बंद राहिला. ऑगस्ट २०१८ मध्ये पेरियारच्या पुरात कोची विमानतळ १५ ते २९ तारखेपर्यंत बंद होता. नुकसानीचा अंदाज २०० कोटींच्या वर गेला. त्यानंतर कोचीनं ‘ऑपरेशन प्रवाह’ नावानं जी कामं हाती घेतली, त्यांत विमानतळाबाहेरचे कालवे, ओढे मोकळे करणं आणि पूल बांधणं मोठ्या प्रमाणात होतं.

आपला विमानतळ उंचावर आहे. २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांवर गेली, तरी नदी या माळावर चढत नाही. कोल्हापूरकरांनी या सुरक्षिततेवर समाधान मानू नये. माळावरचा प्रश्न उलटा आहे: पाणी इथं येत नाही, इथून जातं. धावपट्टी वाढली, काँक्रीट वाढलं, तसं खालच्या शिवारात कमी वेळात जास्त पाणी पोचणार. जुन्या मोऱ्या त्या वेगासाठी बांधलेल्या नसतात. म्हणून सल्लागाराच्या कामात बाहेर पडणाऱ्या प्रत्येक तोंडापासून ओढ्यापर्यंत, वाटेतल्या प्रत्येक मोरीची मोजणी असलीच पाहिजे. बांधकामाआधी किती पाणी जात होतं आणि नंतर किती जाईल, हे दोन आकडे शेजारीशेजारी मागा. सोसायटीसाठीही हेच मागा. शेजाऱ्याच्या तळघरात पाणी सोडून सुटलेला प्रश्न सुटलेला नसतो.

खालच्या गावांतल्या लोकांना हे आकडे मागायचा हक्क आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरण हे केंद्राचं सार्वजनिक प्राधिकरण. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत, ऑनलाइनही करता येतो, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘निचऱ्याची माहिती द्या’ असं मोघम लिहू नका. ‘पावसाळी पाणी हद्दीबाहेर सोडण्याची ठिकाणं, प्रत्येकाची सेकंदाला किती पाण्याची क्षमता, आराखड्यात धरलेला पाऊस आणि शेवटच्या सफाईची तारीख’ असं मुद्देसूद विचारा.

बारीकसारीक, पण खर्चिक

ड्रोन सर्व्हे स्वस्त आणि झटपट म्हणून सुचवला जातो. गोकुळ शिरगाव, उजळाईवाडी, सरनोबतवाडी परिसरात सावध राहा: चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे. ड्रोनसाठीच्या ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा आधी पाहा आणि परवानगीची जबाबदारी सल्लागाराची, असं करारात लिहा. धावपट्टीजवळच्या कामाला सुरक्षा पास लागतो आणि मोजणी विमानं नसताना, बरेचदा रात्री करावी लागते. ते दिवस कोटेशनमध्ये नसतील तर मागाहून ‘जादा’ म्हणून येतात.

काम फसलं तर? सोसायटी किंवा घरमालक ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतात. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. कारखान्यानं व्यापारी कारणासाठी घेतलेल्या सेवेला हा दरवाजा बहुधा बंद असतो. म्हणून उद्योजकांनी चुकीच्या डिझाइनची दुरुस्ती सल्लागाराच्या खर्चानं होईल ही अट आणि व्यावसायिक जबाबदारीचा विमा करारातच घ्यावा.

वेळेचं गणित सोपं आहे. दिवाळीनंतर सल्लागार नेमला तर जानेवारीपर्यंत मोजणी, मार्चपर्यंत आराखडा आणि एप्रिल-मेमध्ये काम होतं. मे महिन्यात नेमलेला सल्लागार घाईत जुना आराखडा नव्या नावानं देतो. पण त्याच्याही आधी एक काम तुमचं आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. पुढच्या मोठ्या सरीत छत्री घेऊन आवाराच्या कडेनं फिरा. पाणी कुठून शिरतं, कुठं थबकतं, किती वाजता वाहायला लागलं आणि किती वाजता ओसरलं, याचे फोटो घ्या, वहीत वेळ लिहा. ती वही घेऊन सल्लागाराच्या पहिल्या बैठकीला जा, आणि ती वाचून पाहिल्याशिवाय कोटेशन देणाऱ्याला काम देऊ नका.